एकच पान, अनेक ब्राउझर: वेबपेज सगळीकडे नीट दिसावे म्हणून

सोलापुरातील एखाद्या चादर-टॉवेल विक्रेत्याने आपल्या मालासाठी वेबसाइट करून घेतली, की बनवणारा ती बहुधा स्वतःच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये उघडून दाखवतो. तिथे ती छान दिसते आणि काम पूर्ण झाले असे दोघेही मानतात. नंतर मात्र तीच साइट नवी पेठेतल्या ग्राहकाच्या चार-पाच वर्षे जुन्या अँड्रॉइड फोनवर, पुण्यातल्या नातेवाइकाच्या आयफोनवर, हैदराबादच्या घाऊक व्यापाऱ्याच्या कार्यालयातील विंडोज संगणकावर आणि कित्येकदा इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडली जाते. सगळीकडे फाइल तीच पोहोचते, तरी कुठे किंमत चित्राखाली झाकली जाते, कुठे बटणावरील ‘मागणी नोंदवा’ या शब्दांच्या मात्रा-वेलांट्या कापल्या जातात, तर कुठे तारीख भरल्यावर फॉर्म पुढेच सरकत नाही. असे का होते आणि ते टाळण्यासाठी काय करावे लागते, हे या लेखात मांडले आहे. साइट करून घेणारा दुकानदार आणि नुकताच साइट बनवू लागलेला विद्यार्थी, हे दोघे वाचक मी डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

वेबपेज हे तयार चित्र नसते, हे सर्वप्रथम लक्षात घ्यायला हवे. सर्व्हरकडून येतात त्या साध्या मजकुरात लिहिलेल्या सूचना. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, हा फॉर्म अशी रचना एचटीएमएल या भाषेत सांगितलेली असते. रंग, आकार, अंतरे आणि मांडणी यांचे नियम सीएसएसमध्ये असतात. आणि बटण दाबल्यावर काय घडावे, भरलेली माहिती कशी तपासावी, हे जावास्क्रिप्ट सांगते. ब्राउझर या सूचना वाचतो, पानातील घटकांची वंशावळीसारखी रचना तयार करतो, कोणत्या घटकाला कोणते नियम लागू आहेत ते ठरवतो, प्रत्येकाची रुंदी, उंची व जागा मोजतो आणि मगच पडद्यावर रंग भरतो. एकच नक्षी दोन मागांवर विणायला दिली, तर जकार्डची भोके पाडलेली कार्डे तीच असूनही मागाची जुळणी आणि सुताचा ताण यांप्रमाणे दोन चादरींत थोडा फरक पडतो. वेबपेजचेही तसेच आहे, कारण सूचना लेखकाच्या असल्या तरी विणकाम वाचणाऱ्याच्या यंत्रावर होते.

इंजिने तीन, ब्राउझर अनेक

सूचना वाचून पान मांडण्याचे काम करणाऱ्या ब्राउझरच्या गाभ्याला इंजिन म्हणतात. बाजारात ब्राउझरांची नावे पुष्कळ असली तरी आज मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली इंजिने तीनच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंगचा ब्राउझर हे सर्व ब्लिंक या इंजिनावर चालतात, फायरफॉक्सचे इंजिन गेको आहे आणि सफारीचे वेबकिट. यात एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आयफोनवरील प्रत्येक ब्राउझरने वेबकिटच वापरावे, असा ॲपलचा नियम आहे. २०२४ मध्ये युरोपीय संघापुरती त्यात सवलत मिळाली, पण आपल्याकडील आयफोनवरचे क्रोमही आतून सफारीच्याच इंजिनावर चालते. त्यामुळे ‘मी क्रोममध्ये तपासले आहे’ हे वाक्य कोणत्या उपकरणावर, हे सांगितल्याशिवाय अपुरे राहते.

ही विविधता आली कशी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. १९९४ मध्ये नेटस्केप आला, १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला, आणि दोघांनी एकमेकांवर मात करण्यासाठी आपापल्या खास सूचना घालायला सुरुवात केली. सर्वांसाठी समान नियम ठरवावेत म्हणून १९९४ मध्येच वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम स्थापन झाले होते, आणि सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणक म्हणून जाहीरही झाली. पण नियम जाहीर होणे आणि ब्राउझरांनी ते तंतोतंत पाळणे यांत बरीच वर्षे गेली. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट २००६ मध्ये. मधल्या काळात असंख्य संस्थांनी आपली पाने त्या एकाच आवृत्तीवर तपासून बनवली, आणि पुढे ती पाने इतर ब्राउझरांत मोडू लागली. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी हा ब्राउझर निवृत्त केला, तरी त्या काळातील सवयी अजून जुन्या कोडमध्ये भेटतात.

मोजमापाचा एक वाद त्या काळाची चांगली कल्पना देतो. एखाद्या चौकटीची रुंदी ३०० पिक्सेल, आतली मोकळी जागा दोन्ही बाजूंना २० आणि किनार ५ असे सांगितले, तर प्रमाणकाप्रमाणे पडद्यावर ती चौकट ३५० पिक्सेल जागा घेते, कारण ३०० हा आकडा केवळ आतल्या मजकुराचा असतो. इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत मात्र किनार आणि मोकळी जागा धरून एकूण ३०० असा हिशेब होत असे. परिणामी एका ब्राउझरमध्ये शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन चौकटींपैकी दुसरी चौकट दुसऱ्या ब्राउझरमध्ये खाली ढकलली जाई. हा पेच दोन मार्गांनी सुटला. पानाच्या पहिल्याच ओळीत ‘डॉकटाइप’ ही घोषणा असेल तर ब्राउझर प्रमाणकाप्रमाणे वागतो. ती नसेल तर हे पान जुने असावे असे समजून तो काही जुन्या सवयींची नक्कल करतो, आणि हे आजच्या ब्राउझरांनाही लागू आहे. दुसरा मार्ग म्हणजे ‘बॉक्स-सायझिंग’ ही सूचना. तिला ‘बॉर्डर-बॉक्स’ अशी किंमत दिली की सगळे ब्राउझर किनारीसकट रुंदी मोजतात, आणि गंमत म्हणजे आज बहुसंख्य व्यावसायिक हीच, एके काळी चुकीची ठरलेली, मोजणी मुद्दाम निवडतात, कारण ती हिशेबाला सोपी जाते.

डॉकटाइप असूनही दोन ब्राउझरांत फरक दिसण्याचे आणखी एक साधे कारण असते. लेखकाने काहीच सांगितले नसेल, तर शीर्षक किती मोठे, परिच्छेदांत किती अंतर, फॉर्ममधील बटण कसे, हे ब्राउझर स्वतःच्या अंगभूत नियमांवरून ठरवतो. हे अंगभूत नियम पुसणाऱ्या किंवा सारखे करणाऱ्या छोट्या सीएसएस फाइली मिळतात. त्यांतली एखादी सुरुवातीला जोडली की बरेच किरकोळ फरक तिथेच मिटतात. फॉर्ममधील यादी, तारीख आणि फाइल निवडण्याचे घटक मात्र प्रत्येक यंत्रणेत थोडे वेगळेच दिसतात, आणि ते तसेच राहू द्यावेत असे मी आग्रहाने सांगेन. आयफोन वापरणाऱ्याला आयफोनची तारीख निवडण्याची पद्धत सवयीची असते; ती काढून स्वतःची नवी पद्धत बसवली, तर पान सगळीकडे सारखे दिसेल, पण वापरायला सगळ्यांनाच अवघड होईल.

इथेच या विषयाचा गाभा आहे. प्रत्येक पडद्यावर पान हुबेहूब सारखे दिसलेच पाहिजे, असा हट्ट धरला की पैसा आणि वेळ चुकीच्या ठिकाणी खर्च होतो. सीएसएसची मूळ कल्पना १९९४ मध्ये मांडताना होकोन विउम ली यांनी लेखकाची आवड आणि वाचणाऱ्याची आवड यांची सांगड घालण्याचीच सोय धरली होती. ज्याची दृष्टी अधू आहे त्याने अक्षर मोठे करून घेतले, ज्याने रात्री गडद पार्श्वभूमी ठेवली, ज्याचा पडदा लहान आहे, त्या प्रत्येकाला पान वेगळे दिसणारच. मजकूर पूर्ण वाचता यावा, किंमत आणि माप स्पष्ट कळावे, मागणी नोंदवता यावी, एवढे सर्वत्र घडले पाहिजे. सावली, गोलाई आणि हालचाल यांत उणे-अधिक झाले तर कोणाचे अडत नाही.

न कळलेली सूचना

जुन्या ब्राउझरला नवी सूचना कळली नाही, तर तो काय करतो? याचे उत्तर तिन्ही भाषांसाठी वेगळे आहे आणि ते नीट समजले तर निम्मे काम सोपे होते.

एचटीएमएल सर्वांत सोशिक आहे. अनोळखी घटक आला तरी त्यातला मजकूर ब्राउझर दाखवतोच. चुकलेले एचटीएमएल कसे वाचायचे, हे पूर्वी प्रत्येक ब्राउझर आपल्या मनाने ठरवत असे. ॲपल, फायरफॉक्स बनवणारी मोझिला आणि ऑपेरा यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाने चुकीचे पान वाचण्याचीही पद्धत पायरीपायरीने लिहून काढली, आणि तेव्हापासून चुका असलेले पानही सर्वत्र एकाच रीतीने वाचले जाऊ लागले. हे काम बाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही, पण माझ्या दृष्टीने वेबच्या इतिहासातील ते अत्यंत मोलाचे काम आहे.

सीएसएसमध्ये न कळलेली सूचना ब्राउझर गुपचूप सोडून देतो आणि पुढची वाचतो. या गुणाचा उपयोग करून घेता येतो. आधी सर्वांना कळणारी जुनी सूचना लिहायची आणि तिच्या खाली नवी लिहायची. ज्याला नवी कळते तो ती वापरतो, ज्याला कळत नाही तो जुनीवर थांबतो. एक मेख मात्र आहे. एकच नियम स्वल्पविराम देऊन अनेक घटकांना लावला आणि त्यांतल्या एकाचे वर्णन ब्राउझरला कळले नाही, तर तो सबंध नियमच टाकून देतो. म्हणून नव्या प्रकारची वर्णने स्वतंत्र नियमात ठेवावीत. मोठा बदल असेल तर ‘सपोर्ट्स’ या नावाचा नियम ब्राउझरलाच विचारतो, ‘तुला हे येते का?’ आणि होकार आला तरच आतल्या सूचना लागू होतात. या प्रश्नालाही मर्यादा आहे. घटकांमधील अंतर सांगणारी ‘गॅप’ ही सूचना ग्रिड मांडणीत (घटक आडव्या-उभ्या चौकटींत बसवणाऱ्या) आधी आली आणि फ्लेक्स मांडणीत (घटक एका ओळीत बसवणाऱ्या) नंतर. सफारीने ती फ्लेक्समध्ये २०२१ च्या १४.१ या आवृत्तीत आणली. त्याआधीच्या सफारीला ‘गॅप येते का’ असे विचारले तर ग्रिडच्या आधारावर तो ‘हो’ म्हणत असे, आणि फ्लेक्समधील चादरींची छायाचित्रे एकमेकांना चिकटलेली दिसत. अशा ठिकाणी जुन्या पद्धतीचे ‘मार्जिन’, म्हणजे घटकाच्या बाहेरची मोकळी जागा, वापरणे सुरक्षित.

जावास्क्रिप्टचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. एका फाइलमध्ये ब्राउझरला न कळणारी एक खूण जरी आली, तरी ती सबंध फाइल चालतच नाही. २०२० च्या सुरुवातीला तिन्ही इंजिनांत आलेली, प्रश्नचिन्ह आणि टिंब जोडून लिहायची एक सोयीची खूण आहे. २०१८ नंतर अद्ययावत न झालेल्या फोनवर ती खूण असलेली फाइल पोहोचली की त्या फाइलमधील मेनू, निवडलेल्या मालाची यादी आणि फॉर्म असे सगळेच बंद पडते, आणि ग्राहकाला त्याचे कारण दिसतही नाही. नवा कोड जुन्या रूपात बदलून देणारी साधने आहेत आणि ती वापरावीत. पण त्याहून पक्का उपाय म्हणजे मागणीचा फॉर्म जावास्क्रिप्टशिवायही सर्व्हरकडे जाईल अशा साध्या एचटीएमएलमध्ये बांधणे आणि वरची सोय नंतर चढवणे.

काही जण यावर भलताच उपाय करतात. ब्राउझर स्वतःची जी ओळख सर्व्हरला सांगतो ती वाचून, ‘सफारी असेल तर असे कर, क्रोम असेल तर तसे कर’ असा कोड ते लिहितात. ही ओळख विश्वासार्ह नाही. नेटस्केपचे आतले नाव मोझिला होते; काही सर्व्हर मोझिला म्हणणाऱ्यालाच चांगले पान देत, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररनेही स्वतःला मोझिला म्हणवून घेतले, आणि आज क्रोमची ओळखही ‘मोझिला’ या शब्दाने सुरू होऊन ‘सफारी’ या शब्दाने संपते. म्हणून ब्राउझरचे नाव विचारू नये, त्याला काय येते ते विचारावे. सूचनांच्या आधी ‘वेबकिट’ किंवा ‘मोझ’ असे उपसर्ग लावण्याची जुनी पद्धतही अशीच अंगलट आली: लोक फक्त वेबकिटचा उपसर्ग लिहीत गेले, आणि शेवटी २०१६ मध्ये फायरफॉक्सलाही तो ओळखायला शिकावे लागले.

गेल्या काही वर्षांत परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांच्यासह काही संस्था २०२२ पासून दरवर्षी ‘इंटरऑप’ या नावाने ठरावीक विषय निवडतात आणि त्यांत तिन्ही इंजिने सारखी वागावीत म्हणून एकाच सामायिक चाचणीसंचावर मेहनत घेतात. कोणती सूचना वापरायला सुरक्षित आहे, हे सांगणारी ‘बेसलाइन’ ही खूणही आता एमडीएन आणि कॅन आय यूज या संदर्भस्थळांवर दिसते. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या चारही ब्राउझरांत सूचना आली की ती नव्याने उपलब्ध मानली जाते, आणि त्यानंतर ३० महिने उलटले की सर्वत्र उपलब्ध. दुकानदाराच्या साइटचा पाया फक्त दुसऱ्या प्रकारच्या सूचनांवर असावा, असे माझे मत आहे.

देवनागरीचे स्वतःचे प्रश्न

आतापर्यंतचे सारे इंग्रजी शिकवण्यांत सापडते. मराठी पानाचे प्रश्न मात्र तिथे सापडत नाहीत, आणि सोलापुरात बनणाऱ्या साइटींवर ते पावलोपावली दिसतात.

पहिला प्रश्न भाषा सांगण्याचा. तयार साचा घेतला की पानाच्या मुळाशी भाषा ‘इंग्रजी’ अशी लिहिलेली असते आणि ती कोणी बदलत नाही. मराठी छपाईत ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे असते, पण युनिकोड या, प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत या अक्षरांचे क्रमांक दोन्ही भाषांत एकच आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे बसवलेली आहेत, त्यात कोणते दाखवायचे हे ब्राउझर पानाच्या घोषित भाषेवरून ठरवतो. भाषेचा संकेत ‘एमआर’ असा दिला की मराठी वळण येते. दृष्टिहीन वाचकाचे वाचक-सॉफ्टवेअरही याच संकेतावरून मराठी आवाज निवडते, त्यामुळे दोन अक्षरांची ही दुरुस्ती सर्वांत आधी करावी.

दुसरा प्रश्न उंचीचा. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या साच्यात ओळीची उंची अक्षराच्या सव्वापट ठेवलेली असते आणि बटणाची उंची ठाम आकड्यात बांधलेली असते. बाहेर गेलेले झाकावे अशी सूचनाही सोबत असली, की ‘र्कु’ किंवा ‘ट्टू’ असे अक्षर वर-खाली कापले जाते. त्यातही विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो आणि ॲपलच्या उपकरणांवर कोहिनूर अशी देवनागरीची अंगभूत फॉन्ट-घराणी वेगवेगळी असल्याने एकाच शब्दाची रुंदी आणि उंची प्रत्येक ठिकाणी निराळी भरते. लॅपटॉपवर एका ओळीत बसलेले ‘मागणी नोंदवा’ फोनवर दोन ओळींत जाते ते यामुळे. ओळीची उंची दीडपटीपेक्षा अधिक आणि तीही अक्षराच्या पटीत सांगावी, चौकटींना ठाम उंचीऐवजी किमान उंची द्यावी, आणि सर्वत्र एकच रूप हवे असेल तर मुक्तासारखा खुला फॉन्ट साइटबरोबर पाठवावा. फॉन्टची फाइल हलकी करण्यासाठी त्यातली अक्षरे काढून टाकणारी साधने वापरताना जोडाक्षरे जुळवणारी कोष्टके त्यात राहिली आहेत ना, हे पाहावे. ती गेली तर ‘क्ष’ मोडून हलन्त ‘क’ आणि ‘ष’ असे सुटे दिसते.

अक्षरांमधील अंतर वाढवणारी सूचना इंग्रजी शीर्षकांत सर्रास असते. देवनागरीत तिने शिरोरेघ तुटते आणि शब्द दातांमधील फटींसारखा दिसू लागतो. मराठी मजकुरासाठी ती शून्य करावी, याला अपवाद नाही.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मराठी वाचकाला सांगायला नको. दुसऱ्या शब्दातील आडवा र दोन प्रकारे टंकित होतो: नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. काही प्रणाली ‘निरुपयोगी’ अदृश्य चिन्हे साफ करतात, आणि मग दऱ्यांचा दर्या होतो. म्हणून पहिला प्रकार वापरावा, आणि शोधपेटीत दोन्ही प्रकार सारखे मानण्याची तरतूद करावी.

मजकूर मोजणे आणि कापणे हाही प्रांत अडचणीचा आहे. ‘सोलापूर’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा वाटतो, पण जावास्क्रिप्ट त्याची लांबी सात सांगते, कारण काना, मात्रा आणि उकार वेगळे मोजले जातात. मालाचे नाव ठरावीक लांबीवर कापणारा कोड मग ‘चादरी’ची वेलांटी तोडून टाकतो. अक्षरगट ओळखणारे सेगमेंटर हे साधन आता तिन्ही इंजिनांत आहे; फायरफॉक्समध्ये ते २०२४ मध्ये आले. युनिकोडने २०२३ मध्ये जोडाक्षरांचा नियम बदलला, त्यामुळे जुना ब्राउझर ‘क्ष’ दोन गट मोजतो आणि नवा एक. शक्य असेल तिथे मजकूर मोजून कापण्याच्या फंदात न पडता तो सीएसएसला ओळीच्या शेवटी थांबवू द्यावा.

पत्त्याच्या फॉर्मकडेही लक्ष हवे. मराठी कळफलक लावलेला ग्राहक पिन कोड ‘४१३००१’ असा टंकतो. जावास्क्रिप्टमधील अंक तपासण्याची नेहमीची खूण फक्त इंग्रजी अंकांना अंक मानते, आणि ग्राहकाला ‘योग्य पिन कोड भरा’ असा संदेश येतो, जरी त्याने तो योग्यच भरलेला असतो. देवनागरी अंक स्वीकारून आतल्या आत बदलून घेणे हे चार ओळींचे काम आहे.

शिवाय सोलापूर हे केवळ मराठीचे शहर नाही. इथल्या व्यापारात कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा रोज बोलल्या जातात, आणि ग्राहकाच्या भाषेत पान देणारा दुकानदार मला मनापासून आवडतो. तेलुगू आणि कन्नड अक्षरांचे जोड खाली लोंबतात, त्यामुळे ओळीच्या उंचीचा नियम त्यांना अधिकच लागू होतो. उर्दू पान उजवीकडून डावीकडे वाहते. मुळाशी दिशा सांगितली की ब्राउझर मजकूर उलटवतो, पण सीएसएसमध्ये ‘डावे मार्जिन’, ‘उजवे मार्जिन’ असे लिहून ठेवले असेल तर मांडणी उलटत नाही. त्याऐवजी ‘ओळीच्या सुरुवातीचे मार्जिन’ आणि ‘ओळीच्या शेवटचे मार्जिन’ या अर्थाच्या सूचना आता सर्व ब्राउझरांत आहेत. त्या वापरल्या की एकच फाइल चारही भाषांना पुरते.

फोन हातात घेऊन

फोनवरील काही अडचणी ठरलेल्या आहेत. पडद्याची रुंदी सांगणारी ‘व्ह्यूपोर्ट’ ही ओळ पानात नसेल, तर फोन ते पान संगणकासाठीचे समजून साधारण ९८० पिक्सेल रुंद मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो. पूर्ण पडद्याएवढी उंची मागणारी जुनी सूचना पत्त्याची पट्टी गृहीत धरत नाही, त्यामुळे खालचे बटण पट्टीमागे लपते. २०२२ पासून आलेली ‘डीव्हीएच’ ही मापे यासाठीच आहेत. आयफोनवर फॉर्ममधील अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर रकान्यात बोट ठेवताच सारे पान मोठे होऊन सरकते. अक्षर १६ चे करणे एवढाच त्यावर उपाय. वेबपी प्रकारची छायाचित्रे सफारीत २०२० पासूनच दिसू लागली, म्हणून जुन्या आयफोनसाठी जेपीईजीचा पर्याय ‘पिक्चर’ या घटकात द्यावा.

तारखेचा उल्लेख वर झाला. गड्ड्याच्या यात्रेआधी माल हवा म्हणून ग्राहक तारीख भरतो आणि कोड ती वर्ष, महिना, दिवस व नंतर रिकामी जागा सोडून वेळ, अशा रूपात वाचायला देतो. क्रोम हे रूप समजून घेतो. सफारीच्या जुन्या आवृत्त्या ते अवैध ठरवतात. दोघांचेही चुकत नाही, कारण प्रमाणकाने हमी दिली आहे ती तारीख आणि वेळ यांच्यामध्ये ‘टी’ हे रोमन अक्षर असलेल्या रूपाची. इतर रूपांचा अर्थ लावणे ब्राउझरवर सोडले आहे.

हे सारे तपासायचे कसे? क्रोममधील ‘डिव्हाइस मोड’ उघडून आयफोन निवडला की पडदा आयफोनएवढा होतो, पण इंजिन ब्लिंकच राहते. सफारीचा एकही दोष तिथे दिसणार नाही. विंडोजसाठी सफारी २०१२ नंतर आलेलाच नाही. लिनक्सवर वेबकिटवर चालणारे ब्राउझर आहेत, प्लेराइट हे मोफत साधन तिन्ही इंजिने आपोआप चालवून देते, आणि २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकसारख्या सेवा खरी उपकरणे दूरवरून वापरू देतात. तरीही साइट सोपवण्याआधी ती किमान एका स्वस्त, जुन्या अँड्रॉइडवर, एका आयफोनवर आणि एका इन्स्टाग्राममधील दुव्यावरून स्वतःच्या बोटांनी उघडावी. फोन शेजाऱ्याचा असला तरी चालेल. त्या वेळी नुसते पाहू नये. फोनची अक्षरे मोठी करून, मराठी कळफलकाने नाव-पत्ता भरून, मागणी शेवटपर्यंत नोंदवून पाहावी.

एवढे करूनही कधी कधी दोष आपल्या कोडचा नसून इंजिनाचाच निघतो. तिन्ही इंजिनांच्या दोष-नोंदवह्या खुल्या आहेत आणि तिथे कोणीही खाते उघडून तक्रार नोंदवू शकतो. इंग्रजीतील दोष जगभर हजारो लोकांच्या नजरेस पडतात. आडवा र चुकीचा जुळला, मराठी ‘ल’ मधेच हिंदी वळणाचा झाला किंवा पहिले अक्षर मोठे करताना जोडाक्षर तुटले, तर ते ओळखणारा मराठी वाचकच असावा लागतो. तक्रार करताना सबंध साइटचा दुवा देऊ नये. दोष दिसेल एवढाच, दहा-पंधरा ओळींचा एचटीएमएल नमुना वेगळा काढावा, त्यात भाषेचा संकेत आणि फॉन्टचे नाव स्पष्ट ठेवावे, अपेक्षित रूप व प्रत्यक्ष रूप यांची दोन चित्रे जोडावीत, आणि ब्राउझरची आवृत्ती, फोनची यंत्रणा व दुसऱ्या इंजिनात तोच नमुना कसा दिसतो हे लिहावे. लिपी न वाचता येणाऱ्या अभियंत्यालाही त्या दोन चित्रांतील फरक दिसतो आणि तेवढ्यावर तो काम सुरू करू शकतो.